आषाढात काय वाचलं आणि खालच्या दोन एकराचं काय निघालं



महिन्याच्या शेवटी इथं शेतातली कामं लिहितो, हे तुम्हाला माहीत आहे. या आषाढात लिहिण्यासारखं काम झालंच नाही. पावसानं लावून धरलं. वापसा येईना, भांगलण अडकली, खोडव्याचा खताचा डोस घरातच पडून राहिला. सकाळी वैरण आणायची, धार काढायची आणि मग सोप्यात बसून ओढ्याचं पाणी किती चढलं ते बघायचं. मग ठरवलं, बसलोच आहे तर वाचू. पूर्ण महिना वाचलं. एवढं तर दहावीलासुद्धा वाचलं नव्हतं. त्याचा हिशोब आज देतो. शेवटी गाडी खालच्या दोन एकरावरच आली, म्हणून या पानावर लिहायला हरकत नाही.

सुरुवात मात्र पुस्तकानं झाली नाही. कपाट गळत होतं म्हणून कागद बाहेर काढले, त्यात तीन वर्षांपूर्वीचा माती परीक्षणाचा अहवाल सापडला. खालच्या रानाचा. सामू ८.२, क्षारता म्हणजे ईसी २.३. मी तेव्हा तो बघितला होता, पण वाचला नव्हता. कुठंतरी ऐकलं होतं की ईसी चारच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. माझी २.३, म्हणजे काळजी नाही असं धरलं. आणि तरीही वरंब्यावर पांढरं फुटतंय म्हणून एका दुकानदाराच्या सांगण्यावरून एकरी दोन टन जिप्सम टाकून मोकळा झालो. म्हणजे बघा, अहवालावर विश्वास ठेवला तर जिप्समची गरज नव्हती, आणि पांढऱ्या थरावर विश्वास ठेवला तर अहवाल तरी परत तपासायला हवा होता. दोन्ही केलं नाही. ऊस पंचावन्न टनांवरून चाळीसवर आला होता, तो तिथंच राहिला.

या वेळी अहवाल हातात घेऊन बसलो. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, माती व पाणी १:२.५. याचा अर्थ काय, ते शोधायला लागलो आणि त्यातनं सगळं वाचन सुरू झालं.

भाचा कृषी पदविकेला आहे. त्यानं मोबाईलवर दोन इंग्रजी पुस्तकं उतरवून दिली. एक अमेरिकेच्या शेती खात्याचं १९५४ सालचं, हँडबुक नंबर ६० म्हणतात त्याला. क्षारपड जमिनीवरचं जुनं, मूळ पुस्तक. दुसरं जागतिक अन्न व कृषी संघटनेचं, सिंचनाच्या पाण्याच्या प्रतीवरचं. माझं इंग्रजी बेताचंच. एका पानाला अर्धा तास लागायचा, अडलं की भाच्याला फोन. पण तक्ते आणि आकडे कुठल्याही भाषेत सारखेच दिसतात, त्यामुळं निभावलं.

तर ती चारची मर्यादा आहे ना, ती मातीची लगद्यासारखी संपृक्त पेस्ट करून त्यातनं काढलेल्या पाण्याची आहे. आपल्या प्रयोगशाळेत बहुतेक वेळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात. पाणी जास्त म्हणजे मीठ पातळ होणार, आकडा कमी दिसणार. मातीच्या पोताप्रमाणं खरी क्षारता त्याच्या दुप्पट-तिप्पट, कधी आणखीही जास्त असू शकते. म्हणजे माझी २.३ ही पाच-सहाच्या घरातली असणार. तीन वर्षं मी दोन वेगवेगळ्या मापांची तुलना करत होतो. शेर आणि किलो एकच धरून दूध घातल्यासारखं.

आणि ऊस हे मीठ सोसणारं पीक आहे हा माझा दुसरा समज. तो का झाला ते माहीत नाही, बहुधा गावात सगळे खारवट रानात ऊसच लावतात म्हणून. त्या सिंचनाच्या पुस्तकातल्या तक्त्यात उसाची ओळ आहे. पेस्टच्या पद्धतीनं ईसी १.७ पर्यंत उत्पादनाला धक्का नाही. ३.४ ला दहा टक्के घट. ५.९ ला पंचवीस टक्के घट. पंचावन्नचे पंचवीस टक्के गेले की एक्केचाळीस राहतात. मी काट्याच्या पावत्या काढून बघितल्या. चाळीस, एक्केचाळीस, साडेएकोणचाळीस. पावसाळी हवेतही घाम फुटला.

जिप्समचंही तिथंच कळलं. जमीन दोन प्रकारानं बिघडते. नुसतं विद्राव्य मीठ वाढलं, सामू साडेआठच्या खाली, तर ती क्षारयुक्त. मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसला, म्हणजे विनिमययोग्य सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर, सामू साडेआठच्या पुढं, तर ती चोपण. काही रानात दोन्ही. जिप्सम हे चोपणीचं औषध. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणावरनं हलवतो, आणि तो हललेला सोडियमसुद्धा पाण्याबरोबर खाली निघून जायला हवा. माझा सामू ८.२. सोडियमचा आकडा अहवालात नाहीच, तेव्हा छातीठोक सांगत नाही, पण लक्षणं क्षारयुक्तची दिसतात. अशा रानाला गोडं पाणी वरून आणि निचरा खालून, एवढंच लागतं. निचरा नसेल तर जिप्सम टाका नाहीतर आणखी काय टाका, मीठ आहे तिथंच. ‘क्षार काढणारं’ म्हणून बाटलीतनं काही विकायला आलं तर एकच प्रश्न विचारा, काढलेलं जातं कुठं?

याच पुस्तकातलं एक गणित मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला करून बघितलं. तुम्हीही करा. पाण्याच्या ईसीला ६४० नं गुणलं की एका लिटरात साधारण किती मिलिग्रॅम मीठ आहे ते येतं. माझ्या विहिरीची ईसी १.५. म्हणजे लिटरला एक ग्रॅमला थोडं कमी. सरी भरून पाणी दिलं की आठ सेंटिमीटर धरा, एकराला सव्वातीन लाख लिटर होतं. म्हणजे एका पाळीला एकरी तीनशे किलो मीठ. पन्नास किलोची सहा पोती. नदीचं पाणी मिळत नाही तेव्हा वर्षाला दहा-बारा पाळ्या मी विहिरीच्या देतो. साठ-सत्तर पोती झाली. युरियाचं एक पोतं जादा पडलं तर आपण हळहळतो, आणि हे मी रात्री लाईट आली की स्वतः उठून मोटर चालू करून टाकत होतो. पावसानं त्यातलं बरंच धुऊन जातं, पण जायला वाट असेल तर.

दुसऱ्या आठवड्यात महात्मा फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ काढलं. १८८३ चं लिखाण. शाळेत एक उतारा होता, तेवढीच ओळख. भाषा जुनी, वाक्यं लांब, पण राग ताजा आहे. मला थांबवलं ते पाटाच्या पाण्याच्या भागानं. पाणी खात्यानं शेतकऱ्याला ज्याच्या त्याच्या गरजेपुरतं, तोटी बसवून मोजून द्यावं, हा विचार त्यात आहे. आमच्या उपसा योजनेची पाणीपट्टी आजही एकरावर आहे. किती पाणी घेतलं ते कोणी मोजत नाही. पट्टी तेवढीच भरायची म्हटल्यावर पाटकऱ्याला चहा पाजून माणूस दोन तास जादाच पाणी घेतो. मीही घेतो. जादा दोन तासाचं ते पाणी पैशानं फुकट, पण जमिनीच्या खात्यावर चढत जातं.

त्याच सुमारास, म्हणजे १८८० च्या दशकात, नीरा डावा कालवा सुरू झाला. आणि १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी ‘नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी’ अशा विषयाची पुस्तिका सरकारी शेती खात्यासाठी लिहिली. पंचवीस-तीस वर्षांत पाणी येऊन जमिनी पांढऱ्या पडून त्यावर पुस्तिका निघायची वेळ आली होती. कृष्णाकाठाला आपण हे आपल्याच पिढीचं दुखणं समजतो. तिकडं आपल्या पणजोबांच्या वेळीच ते माहीत होतं.

सर अल्बर्ट हॉवर्डचं १९४० चं ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ अर्धंच झालं. हा माणूस इंदूरला होता, कंपोस्टची इंदूर पद्धत त्याचीच. सेंद्रियवाले त्याचं नाव फार घेतात. मला आवडलं ते त्यातलं जमिनीच्या आजारांवरचं प्रकरण, धूप आणि क्षार हे दोन आजार त्यानं शेजारी ठेवलेत. जमिनीला हवा मिळाली नाही की पुढचं सगळं बिघडतं, हे तो परत परत सांगतो. कंपोस्टचा भाग नंतर वाचीन, सध्या शेणखतच पुरत नाही.

मधे चार दिवस उघडीप होती. तेव्हा खालच्या रानात पहारीनं चार फूट खोल खड्डा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरनं पावणेदोन फुटावर पाणी होतं. पावसाळ्यात पाणी वर असणारच, त्यावरनं निकाल लावता येत नाही. म्हणून खड्ड्यात जुना पीव्हीसी पाईप भोकं पाडून उभा केलाय, दर पंधरा दिवसांनी काठी बुडवून लिहिणार. एप्रिलमध्येही पाणी चार फुटांच्या वर राहिलं तर प्रश्नच नाही. काळी माती कंदिलाच्या वातीसारखी पाणी वर ओढते, पाणी उडून जातं आणि मीठ वरंब्यावर राहतं.

आता घरातली गोष्ट.

मॅनसाहेबांचं आणखी एक पुस्तक भाच्यानं शोधून दिलं, १९१७ चं, ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा घरोघरी जाऊन केलेला अभ्यास. होय, तेच पिंपळे सौदागर, जिथं आता आपल्या गावची पोरं आयटीत कामाला आहेत आणि पंधराव्या मजल्यावर राहतात. त्यात जमिनीचे तुकडे कसे पडत गेले ते आहे. १७७१ ला त्या गावात सरासरी धारण चाळीस एकर. १८१८ ला साडेसतरा. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत चौदा. आणि साहेब गेला त्या वेळी, १९१५ च्या आसपास, सात.

हे मी आईला मराठीत सांगत होतो. आई संध्याकाळी सोप्यात असते, मी वाचलेलं तिला सांगायची सवयच लागली होती या महिन्यात. आनंद यादवांचं ‘गोतावळा’ तर तिला रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. ट्रॅक्टर येतो आणि जनावरं जातात, तिथं तिनं पुस्तक मिटायला लावलं. आमची शेवटची बैलजोडी गेली त्या दिवशी ती जेवली नव्हती, ते मला आठवलं. दोन दिवसांनी तीच म्हणाली, वाच पुढचं.

तर चाळीस, सतरा, चौदा, सात ऐकून आई म्हणाली, “आणि आपलं?” आजोबांचं एकवीस एकर. १९९४ च्या वाटणीत वडिलांना साडेदहा, चुलत्यांना साडेदहा. आता माझं आणि धाकट्या भावाचं सव्वापाच-सव्वापाच. साहेबाच्या आकड्याच्याही खाली.

मग मी नेहमीचं रडगाणं सुरू केलं. खालचं रान खारवलं कारण वाटणीनंतर चुलत्यांनी चर मुजवली. आजोबांच्या वेळी खालच्या बांधाकडनं ओढ्यापर्यंत एक खोल चर होती. माझ्या रानातनं निघून आज चुलतभावाच्या वाट्याला असलेल्या रानातनं ओढ्याला मिळायची. आज तिचा मागमूस नाही, तिथं त्यांच्या उसाच्या दोन सऱ्या आहेत. यावरनं आमच्यात बोलणं जवळजवळ बंदच आहे. लग्नकार्यात भेटतो, ‘बरं आहे का’ एवढंच. गेली दहा वर्षं मी हे ज्याला त्याला सांगत आलोय. या पानावरही एकदा आडून लिहिलं होतं, जुन्या वाचकांना आठवत असेल.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चर आधी आपण मुजवली बाळा. वाटणीच्या दुसऱ्या वर्षी. तुझ्या आप्पांनी. म्हणाले, दोन सऱ्या वाढतील. भाऊजींनी त्यांच्याकडची पुढच्या साली मुजवली. म्हणाले, वरनं पाणी येईना झालंय तर मी कशाला ठेवू.”

मी तेव्हा अकरावीला तालुक्याला होतो. मला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही कधी वाटलं नाही, हेही खरं. आप्पांच्या बाजूनं एवढंच सांगतो की तेव्हा विहिरीला पाणी कमी होतं, रान कोरडं ठक्क असायचं, चरीत पाच-पाच वर्षं पाणी दिसायचं नाही. उपसा योजना आल्यानंतरच पाणी झालं. दोन सऱ्यांचं गणित त्या वेळी चुकीचं दिसलं नसणार. त्या रात्री मी वाचलं नाही काही.

तांत्रिक बाजू अशी आहे. आजकाल उघडी चर न खोदता जमिनीखाली भोकाचे पाईप घालतात. साधारण मीटरभर किंवा त्याहून खोल, ठराविक अंतरानं, वर गाळण, आणि शेवटी पाणी बाहेर काढायला मुख्य पाईप. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अशी कामं झालेली आहेत, कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात जाऊन विचारता येतं, मीही जाणार आहे. पण कुठल्याही पद्धतीत मुख्य पाईपाला तोंड लागतं. माझ्या रानाचं तोंड म्हणजे ओढा, आणि मधे चुलतभावाचं रान. जमीन वाटता येते, उतार वाटता येत नाही. साडेदहा-साडेदहा केलं तेव्हा तलाठ्यानं क्षेत्र मोजलं, पाणी कुठनं कुठं जातं ते सातबाऱ्यावर कुठल्या रकान्यात लिहिणार?

आषाढाच्या शेवटच्या रविवारी चुलतभावाकडं गेलो. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. वहिनींनी मी दारात दिसल्यावर आधी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मग विचारलं, काकी बऱ्या आहेत ना? त्यांना वाटलं आईचंच काहीतरी झालं. एवढ्या वर्षांत न आलेला माणूस पावसात आला म्हणजे तसंच वाटणार.

चहा झाला. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. म्हटलं, “दादा, चर आधी आम्ही मुजवली होती. मला आत्ता कळलं.”

दादा म्हणाला, “मला माहीत होतं की.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू विचारलंस कधी?”

यावर मी काय बोलणार. तो अहवाल आणि कॅलेंडरची पानं नेली होती ती पुढं ठेवली. सहा पोत्यांचं गणित त्याला सांगितलं. त्यानं ते दोनदा करायला लावलं, मग स्वतः मोबाईलवर केलं. त्याच्याही रानात ओढ्याकडच्या अंगाला उसाची पानं कडेनं करपतात, लव्हाळा माजलाय, हे त्यानं आपण होऊन सांगितलं. इतके दिवस तो ते पालाशची कमतरता समजून पोटॅश टाकत होता. पाईप त्याच्या रानातनं न्यायचा विषय मी काढला. तो हो म्हणाला नाही. ऊस उभा आहे, पोराला विचारावं लागेल, खर्च कोणाचा, पाईप कुठं फुटला तर काय, हे सगळं बोलून झालं. त्याचं चुकीचं नाही. त्याच्या जागी मी असतो तर एवढं ऐकूनही घेतलं नसतं.

निघताना चप्पल घालत होतो तेव्हा त्यानं विचारलं, “नमुना किती खोलवरनं घ्यायचा?”

एक फुटापर्यंतचा एक, एक ते दोन फुटांचा दुसरा, असं सांगितलं. वाफसा आल्यावर दोघांच्याही रानातले घेऊ, एकाच प्रयोगशाळेत देऊ. चिठ्ठीवर लिहिणार आहे की ईसी कुठल्या पद्धतीनं काढली ते अहवालावर टाका, आणि विनिमययोग्य सोडियमही काढा. विहिरीच्या पाण्याची बाटलीही देणार, त्याच्याही विहिरीची.

आकडे आले की इथं टाकतो. खड्ड्यातलं पाणी काल दोन फूट एक इंचावर होतं.